नववीतल्या मुलाला अध्ययन अक्षमता, आणि तो म्हणतो लेखनिक नको

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

मुलगा नववीत, सेमी-इंग्रजी. पहिलीपासून वाचन मागे. "मुलगे उशिराच सुधारतात", "आळशी आहे", "मोबाईल काढून घ्या", सगळं ऐकून झालं. गेल्या वर्षी शाळेत नव्या मराठीच्या बाई आल्या. त्यांनी बोलावून घेतलं आणि वही पुढे ठेवली. म्हणाल्या, धड्यावर तोंडी विचारलं तर याच्याइतकं नीट वर्गात कुणी सांगत नाही, आणि कागदावर हे बघा. 'स्वातंत्र्य' हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी, एकही बरोबर नाही. वेलांटी भलत्याच अक्षराला, रफार मनाला येईल तिथे, जोडाक्षर आलं की त्यातलं अर्धं अक्षर गायब. फळ्यावरचं उतरवायला याच्या दोन ओळी होईपर्यंत बाई फळा पुसतात.

पुण्यात खासगी तपासणी केली. बुद्ध्यांक सर्वसाधारण, डिसलेक्सिया (वाचनाची अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्याची अडचण) दोन्ही, वाचन चौथीच्या मुलाइतकं. म्हणजे पोरगं इतकी वर्षं कशाच्या जोरावर पास होत आलं याचंच आश्चर्य.

आता प्रश्न. हा रिपोर्ट दहावीला चालतो का? कराड-साताऱ्याकडे वाचनावर काम करणारं कुणी मिळेल का? आणि सगळ्यात अवघड: लेखनिकाचं (परीक्षेत हा सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्याचं) नाव काढलं की तो उठून जातो. "मी काय आंधळा आहे का?" म्हणतो. ह्यांचं म्हणणं दहावी कशीबशी होऊ दे, मग बघू. सासूबाई म्हणतात कुठे बोलू नका, उद्या स्थळं यायची आहेत. (पंधराव्या वर्षी!)

एरवी पोरगं बोलकं आहे. गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना माईक याच्याच हातात असतो. मागच्या तीन वर्षांत कुणी कुठल्या षटकात किती मारले ते कागद न बघता सांगतो.

---

मुग्धा_ठाणे

ताई, मी विशेष शिक्षिका आहे. तुकड्या-तुकड्यांत लिहिते, गोड मानून घ्या.

खासगी रिपोर्ट फेकू नका, तो शिकवणाऱ्याच्या कामाचा आहे. पण मंडळाला सरकारी प्रमाणपत्रच लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, तपासणीची तारीख मिळते. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये आधी जिल्हा शीघ्र निदान केंद्रात जाऊन विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं, लोकांना वाटतं ती तान्ह्या बाळांसाठी असतात. कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचा आहे आणि अध्ययनाच्या अडचणी त्याच्या यादीत आहेत. तिथे तपासणी करणारं माणूस नसेल तर मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी लेखी मागून घ्या. तोंडी "पुण्याला जा" ऐकून परत येऊ नका. मुंबईत सायन आणि नायरला हे काम खूप वर्षं चाललं आहे, पण तिथे गर्दी असते.

तपासणी एका बैठकीत उरकत नाही. आधी डोळे आणि कान, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञाकडे बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बहुतेक ठिकाणी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरतात. जाताना शाळेचं पत्र, जुनी प्रगतिपुस्तकं आणि वह्या न्या. वह्या कच्च्या न्या. पालक हमखास कव्हर घातलेली, घरी बसून पुन्हा लिहून काढलेली वही आणतात आणि तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (२०२४ मध्ये त्यांच्याजागी सुधारित सूचना आल्या, तेवढं तिथे विचारून घ्या) प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं कायमचं धरतात. तुमचा मुलगा चौदा ओलांडलेला आहे, म्हणजे आत्ता केलेलं दहावी-बारावी दोन्हीला उपयोगी पडेल. सवलतींचे प्रस्ताव शाळेतून विभागीय मंडळाकडे जातात. दहावीचे फॉर्म भरायच्या सुमारास धावपळ केलीत तर अडकाल. आत्ताच करा.

लेखनिकाबद्दल रात्री लिहिते, मुलं आलीत शिकायला.

---

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. शुद्धलेखनाच्या चुकांना छडी मिळायची आणि अक्षर आपोआप सुधारायचं. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव सापडतं. रोज दहा ओळी शुद्धलेखन काढायला लावा, सहा महिन्यांत फरक दिसेल.

---

कृष्णाकाठ

रोज दहा ओळी तो दुसरीपासून काढतोय. वह्या जपून ठेवल्यात, हव्या असतील तर पाठवते.

---

अण्णा_सोलापूर

स्पष्टवक्ते, तुमच्या वेळचे मी सांगतो, कारण छडी माझ्याच हातात होती. पस्तीस वर्षे शाळेत काढली, शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. ज्यांची अक्षरे सुधारायची नाहीत ती मुले सातवी-आठवीत शाळा सोडून जायची, म्हणून तुम्हाला ती दिसत नाहीत. एवढेच.

कृष्णाकाठ, तुम्हाला शाळेच्या आतले सांगतो. नववी ही दहावीपेक्षा धोक्याची. शंभर टक्के निकालाच्या हव्यासापायी काही शाळा कच्ची मुले नववीतच अडकवतात, नाहीतर पालकांना गोड बोलून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. "ताण कमी होईल हो त्याचा" असे म्हणतात. सही करू नका. सतरा नंबरने बसलात की तो खासगी विद्यार्थी, मग रोजच्या शाळेचा आधार गेला.

दुसरे. सवलती फक्त बोर्डाच्या पेपराला असतात हा गैरसमज शिक्षकांतही आहे. महाराष्ट्रात त्या शाळेच्या परीक्षांनाही लागू आहेत. प्रमाणपत्र आले की त्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतलेला अर्ज आणि नुसते बोलणे यात किती फरक पडतो ते मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिले आहे.

---

रानवारा

मी २७ वर्षांचा आहे, डिसलेक्सिया आहे, नाशिकला एका लॉजिस्टिक्स कंपनीत काम करतो. हा प्रतिसाद बोलून टाईप केलाय आणि फोनकडून वाचून घेऊन दुरुस्त केलाय, तरी काही राहिलं असेल तर चालवून घ्या.

काकू, तुमचा मुलगा "आंधळा आहे का" म्हणतो ना, ते मला पटतं. लोक त्याला वाचनाची अडचण समजतात, पण त्याच्या दृष्टीनं प्रश्न आहे चारचौघांत वेगळं बसण्याचा. मी आठवी-नववीत काय काय करायचो सांगतो. प्रकट वाचनाचा नंबर यायच्या आधी लघवीला जायचो. बाई ओळीनं उठवायच्या, म्हणून माझा परिच्छेद कुठला येणार ते मोजून शेजाऱ्याकडून आधीच ऐकून ठेवायचो. वर्गात विनोद करायचो, म्हणजे बाहेर काढतील. बाहेर उभं राहणं परवडायचं. मस्तीखोर म्हणवून घेतलेलं चालतं, ढ म्हणवून घेतलेलं चालत नाही. वाचायला गेलो की शब्दाचा पुढचा भाग धरेपर्यंत मागचा ओल्या साबणासारखा निसटायचा, हे कुणाला सांगायचं तरी कसं?

मला प्रमाणपत्र नववीच्या शेवटी मिळालं. डॉक्टरांच्या खोलीत आई-बाबा, डॉक्टर, मॅडम सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि मी पंख्याकडे बघत होतो. शेवटी मॅडमनी आई-बाबांना बाहेर बसवलं आणि रिपोर्ट मला समजावला. हा आकडा कशाचा, हा कमी का, हा वर का. "बोलण्यातून समजून घेणं" यात मी माझ्या वयाच्या पुढे होतो. ते कागदावर छापलेलं होतं! तोपर्यंत मला वाटायचं घरचे धीर द्यायला हुशार म्हणतात.

तुमच्या मुलाला त्याचा रिपोर्ट कुणी समजावलाय का?

---

कृष्णाकाठ

नाही. फाईल कपाटात आहे, त्याच्या हाताला लागू नये म्हणून.

---

वकिली_बाणा

रानवारा, फार छान लिहिलंत.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. त्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे नावानिशी आहे. त्यामुळे शाळा "आमच्याकडे अशी पद्धत नाही" म्हणाली तर पद्धत नव्हे, कायदा विचारा.

४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीचा लोक नेहमी गोंधळ करतात. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा, सरकारी नोकरीतलं आरक्षण यांना ४० टक्के लागतात. परीक्षेतल्या सोयींचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार प्रकरणात लेखनिकाची सोय ४० टक्केवाल्यांपुरती अडवून ठेवता येणार नाही असं सांगितलं. तो उमेदवार लिहिताना हाताला पेटके येणारा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर जादा तास नाकारला होता, त्यातही न्यायालयानं परीक्षा यंत्रणेला फटकारलं.

शाळा ऐकतच नसेल तर शिक्षणाधिकारी, आणि त्यावर पुण्याला दिव्यांग आयुक्त. बहुतेक वेळा अर्जात या कार्यालयाचा नुसता उल्लेख केला तरी काम होतं.

---

सुगरण_नागपूर

माझ्या बहिणीच्या मुलाला एका क्लासवाल्यांनी मिडब्रेनचा कोर्स गळ्यात मारला. डोळ्याला पट्टी बांधून वाचायचं म्हणे. ज्याला डोळे उघडे ठेवून वाचता येत नाही त्याला पट्टी बांधून वाचायला लावायचं! पैसे गेले ते गेले, पोरगं आणखी खट्टू झालं. रंगीत चष्मे, गोळ्या, जप, कशाकशाच्या जाहिराती येतील. सांभाळा.

---

मुग्धा_ठाणे

+१. यावर गोळी नाही. सोबत लक्ष न टिकण्याचा त्रास असेल तर त्याची औषधं असतात, ती मनोविकारतज्ज्ञ ठरवतील, पण ती वाचनाची औषधं नव्हेत.

आता लेखनिक. ताई, सवलती म्हणजे सगळ्या घ्या नाहीतर एकही नको असं नसतं. प्रमाणपत्र आलं की त्यातल्या हव्या तेवढ्या घ्यायच्या. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. शुद्धलेखनाच्या चुकांना गुण कापायचे नाहीत. भाषा सोडून तिच्याजागी दुसरा विषय. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. आणि लेखनिक. तुमच्या मुलानं नुसता वेळ आणि शुद्धलेखनाची सूट घेऊन स्वतः लिहायचं ठरवलं तर ते त्याच्या हातात आहे. हे त्याला सांगा. मुलं बहुतेक वेळा अख्ख्या पॅकेजला घाबरून नाही म्हणतात.

गणिताबद्दल मात्र सावध. गणित सोडून देणं नववीत फार मोहाचं वाटतं. पुढे विज्ञान किंवा डिप्लोमाकडे जायचं असेल तर तिथे गणित विचारतात. याचं गणित कसं आहे?

---

कृष्णाकाठ

तोंडी पक्कं. धावांची सरासरी मनात काढतो. शाब्दिक उदाहरण आलं की बसलं, कारण प्रश्नच वाचून होत नाही. आणि ते इंग्रजीत.

---

मुग्धा_ठाणे

मग गणिताला हात लावू नका. त्याला प्रश्न वाचून दाखवणारं माणूस हवं.

---

पल्लवी_एनजे

न्यू जर्सीहून लिहितेय. तुमच्याकडचे नियम मला माहीत नाहीत, त्यामुळे सल्ला देत नाही, इथलं एकच सांगते. आमच्या मुलीचा आयईपी आहे, म्हणजे शाळा, पालक, तज्ज्ञ बसून दरवर्षी आराखडा करतात. मुलगा किंवा मुलगी सोळाची व्हायच्या आत पुढच्या शिक्षणाचं-कामाचं नियोजन त्यात घालावं लागतं आणि त्या बैठकीला मुलांना बोलवावंच लागतं, कायद्यानं. आमची पहिल्या बैठकीत एकच वाक्य बोलली: "मला वेगळ्या खोलीत नको, हेडफोन द्या." आम्ही मोठी माणसं तोवर वेगळ्या खोलीवर तासभर चर्चा करत होतो.

---

खारेदाणे

मुक्त विद्यालयाचा पर्याय कुणी लिहिला नाही म्हणून. माझी मुलगी एनआयओएसमधून दहावी झाली. पाच विषय, त्यात एक तरी भाषा, बाकी निवड आपली. तिनं गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे घेतले. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक दोन-दोन विषय सोडवता येतात. प्रमाणपत्र सगळीकडे चालतं.

पण खरं सांगू का, अभ्यासाची सोय झाली आणि मैत्रिणी तुटल्या. घरात बसून पंधरा-सोळाव्या वर्षी माणूस एकटं पडतं. शाळेत तुमच्या मुलाचा जीव रमत असेल तर आधी शाळेशीच भांडून बघा.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितेय, मधे बेंदूर, पाहुणे.

सिव्हिलला जाऊन आलो. तारीख मिळाली आहे. शाळेनं पत्र द्यायला टाळाटाळ केली, अण्णांचं वाचून पोच मागितली, दुसऱ्या दिवशी पत्र तयार.

रानवाराचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. ऐकताना मोबाईल खाली ठेवला होता, एवढंच सांगते. मग म्हणाला फाईल दे. आम्ही दोघं बसलो, मला जमेल तसं समजावलं. एका तक्त्यावर त्याचं बोट अडकलं: ऐकून लक्षात ठेवणं. "हे तर चांगलंय की," म्हणाला. मग म्हणाला, त्या दादाला मला काहीतरी विचारायचंय. खालचं त्याचं आहे, बोलून टाईप केलेलं. मी एक अक्षर बदललेलं नाही, त्यानं बजावलंय.

*मी यांचा मुलगा बोलतोय चुका फोनच्या आहेत माझ्या नाहीत दादा तुम्ही लेखनिक घेतला तेव्हा मित्रांना काय सांगितलं आमच्या वर्गात एक जण आहे तो सगळ्यांना नावं ठेवतो आणि लेखनिक म्हणजे आमच्याच शाळेतलं खालच्या वर्गातलं पोरगं येणार त्याला कळणार मला काय येतं काय नाही मग तो ग्राउंड वर सांगणार आणि जास्त वेळ घेऊन मार्क पडले तर म्हणणार फुकट चे मार्क आहेत याचं उत्तर पाहिजे बाकी अभ्यासाचं काही सांगू नका*

---

रानवारा

भावा, मुद्द्याचं विचारलंस. मुद्द्याचंच सांगतो.

मित्रांना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. सहामाहीला वेगळ्या खोलीत बसलो, बाहेर आलो तर एक जण म्हणाला, मज्जाय तुझी, आरामात बसून सांगायचं. मी म्हटलं ये, इतिहासाचं पाच मार्कांचं उत्तर तोंडी सांग, मी लिहितो. दोन वाक्यांनंतर त्याला पुढचं सुचेना, आणि सुचलं तोवर आधी काय लिहिलं ते आठवेना. लेखनिकाला सांगून पेपर सोडवणं वेगळं कसब आहे. अख्खं उत्तर डोक्यात उभं करून वाक्यावाक्यानं बाहेर काढायचं. तू स्पर्धेत कॉमेंटरी करतोस असं काकूंनी लिहिलंय. मग तुला ते माझ्यापेक्षा लवकर येईल.

नावं ठेवणारा नावं ठेवणारच. माझ्या वर्गातला बारावीपर्यंत ठेवत होता. त्रास झाला, खोटं नाही सांगत. दोन मित्र मात्र असे होते की त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांच्यामुळे निभावलं. सगळ्यांना सांगायची गरज नाही. दोघांना सांग.

फुकटचे मार्क म्हणशील तर, प्रश्नपत्रिका तीच असते आणि उत्तर तुझंच असतं.

खालच्या वर्गातल्या पोराचं मात्र मला सुचत नाहीये. मला तो त्रास झाला होता. अण्णा सांगतील का?

---

अण्णा_सोलापूर

बाळ, तुझी शंका अगदी रास्त आहे. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीला नववीतला किंवा त्याखालचा. तो तुझ्याच शाळेतला हवा असे नाही. आम्ही शेजारच्या शाळेतून घेत असू, मुद्दाम, याच कारणासाठी. नाव आधी ठरवून शाळेमार्फत मंजुरी घ्यावी लागते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नात्यातले, ओळखीचे, पण दुसऱ्या गावचे पोर असेल तर उत्तम. एकदा ठरले की त्याच्याबरोबर सराव हवाच. परीक्षेच्या दिवशी प्रथमच भेटलेला लेखनिक आणि विद्यार्थी यांची गाडी पहिला अर्धा तास रुळावर येत नाही.

आणि बोर्डाचे केंद्र बहुधा दुसऱ्या शाळेत असते, तिथे तुझ्या मैदानावरचे कोणी फिरकत नाही.

---

मुग्धा_ठाणे

सरावाचं मी सांगते (अभ्यासाचं नाही, शब्द दिला!).

उत्तर आधी फोनवर रेकॉर्ड कर आणि स्वतःच ऐक. कुठे "म्हणजे ते असं की" आलंय, कुठे गाडी घसरलीय, ते तुलाच कळेल. मग कुणाला तरी पेन देऊन बसव आणि सांग. त्याच्या हाताच्या वेगानं बोलायला शिकायचं असतं. कॉमेंटरीवाल्यांना हेच जड जातं, ते सुसाट सुटतात. "नवा परिच्छेद", "हे अधोरेखित कर", "थांब, मागचं वाक्य वाच" हे सांगायची लाज सोडायची. सुरुवातीला वीस मिनिटं पुरे.

ताई, तुमच्यासाठी वेगळं. लेखनिक मिळाला म्हणून वाचन सोडून देऊ नका. या वयात बाराखडीपासून सुरू केलं तर तो पुस्तक भिरकावेल, आणि बरोबरच करेल. त्याच्या आवडीचा मजकूर घ्या, सामन्यांचे वृत्तांत चालतील. आधी तुम्ही वाचा, मग दोघं एकदम, मग तो एकटा, तोच परिच्छेद. जोडाक्षरं मजकुरात येतील तशी सुटी करून दाखवा: स्वा-तं-त्र्य, आणि त्र्य मध्ये त, र, य. मराठी मुलांसाठी 'डाली' नावाची चाचणी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केली आहे, ती मराठीतही आहे, पण पाचवीपर्यंतची. मोठ्या मराठी मुलांसाठी साहित्य तोकडंच आहे, शिकवणाऱ्याला स्वतः तयार करावं लागतं. माणूस शोधताना एकच विचारा: मराठीतून वाचन शिकवता का, की इंग्रजी फोनिक्सच करता? तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, तिथून सुरुवात करा. ऑनलाईन शिकवणारं एक नाव तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून कळवलं आहे. मुंबईची महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून या विषयात आहे, त्यांनाही विचारून बघा.

---

रानवारा

ऐकायच्या पुस्तकांचं राहिलं. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाईन वाचनालय आहे, २०१६ पासून. लोकांना वाटतं ते फक्त अंधांसाठी. छापील वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, डिसलेक्सिया त्यात धरतात. मराठी पुस्तकं आहेत. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फोनला वाचायला दिली की कधीकधी तो गप्प बसतो, कारण आतलं पान नुसतं चित्र असतं. तेव्हा फोनमधलं गूगल लेन्स लावून मजकूर उचलायचा आणि तो ऐकायचा. मराठी आवाज आधी फार रटाळ होता, आता सुसह्य आहे.

---

स्पष्टवक्ता

पुतण्याला हा धागा पाठवलाय. त्याचा मुलगा सहावीत आहे. वरचं माझं मत तसंच ठेवतो, पण सिव्हिलमध्ये कुठल्या खोलीत जायचं ते कुणी सांगेल का?

---

कृष्णाकाठ

स्पष्टवक्ते, आधी केसपेपर काढा, मग जिल्हा शीघ्र निदान केंद्र कुठे आहे ते विचारा. आम्हाला दोन चुकीच्या खिडक्यांवर पाठवलं होतं. जुन्या वह्या न्यायला विसरू नका, कच्च्या.

बाकी इकडची खबर: माझा भाचा इस्लामपूरला आठवीत आहे, तो रविवारी येतो. दोघांनी भूगोलाचं एक उत्तर केलं. पहिल्यांदा भाचा रडकुंडीला आला, "हा फार जोरात बोलतो". मग ठरलं की पेन वर उचललं की थांबायचं. लेखनिक घ्यायचा की नाही यावर चिरंजीवांचं अजून "बघू" आहे. जादा वेळ आणि शुद्धलेखनाची सूट घेणार, हे त्यानं स्वतः वर्गशिक्षकांना जाऊन सांगितलं. ह्यांना मी अजून पटवतेच आहे. सासूबाईंना सांगितलंय की स्थळं येतील तेव्हा बघू.

---

मीनल_गडहिंग्लज

धागा वर काढतेय. माझी मुलगी सातवीत आहे, वाचन ठीक पण अंकांचा पूर्ण गोंधळ. ६९ आणि ९६ मध्ये फरक करत नाही, घड्याळ कळत नाही, सुट्टे पैसे दुकानदार देईल तसे घेऊन येते. शाळा म्हणते गणिताची शिकवणी लावा. लावलीय, उपयोग शून्य. हे पण याच्यातच येतं का?

---

मुग्धा_ठाणे

येऊ शकतं, त्याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. तपासणीची वाट तीच, तुम्हाला कोल्हापूरचं सिव्हिल. मला आधी एवढं सांगा: शाळा मराठी की इंग्रजी, आणि बेरीज करताना ती अजून बोटं मोजते का?